पारव्याच्या पायातला दोरा काढायला शिलाईचं रिपर: कसं आहे?

शिवण उसवायचं छोटं रिपर टेलरिंग सामानाच्या दुकानात 20-30 रुपयांत मिळतं. पारव्यांच्या पायातल्या दोऱ्यासाठी ते घ्यावं का? घ्यावं, पण सोबत बारीक टोकाची कात्री हवीच.

बाजार समितीच्या यार्डात लंगडे पारवे दिसतात, त्यामागे बरेचदा पोत्याचा दोरा असतो. तूर-सोयाबीनच्या पोत्याचं तोंड मशीनवर साखळी टाक्याने शिवलेलं असतं. योग्य टोक ओढलं की अख्खा दोरा सरसर निघतो अन् तिथंच पडतो. पारवा चालत चालत दाणे टिपतो, त्यामुळे पावलागणिक वेढे वाढत जातात. पॉलिस्टर कुजत नाही. रक्त अडतं, बोट सुजतं, काळं पडतं अन् शेवटी गळून जातं.

रिपरची खरी कमाई म्हणजे आखूड टोकावरचा लाल मणी. दोरा अन् कातडी यांच्यामध्ये मणी सरकवायचा, रिपर जरा वर उचलून पुढे ढकलायचं. दोरा खाचेतल्या पात्यावर येऊन कटतो, कातडीला पातं लागत नाही. मोठ्या रिपरची मूठ हातात छान बसते, पण मणी जाड असतो. पायासाठी लहानच घ्या.

दोरा मासात रुतला असेल तर मणी आत जातच नाही. तिथं अणकुचीदार टोक घुसवू नका, बोट फाटतं. आधी पाय 5-10 मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, म्हणजे विष्ठा अन् वाळलेलं रक्त सुटतं, वेढे दिसू लागतात. मग चिमट्याने दोरा उचलून कात्रीने कापा. नायलॉन मांजावर रिपर घसरतं, त्यालाही कात्रीच.

धरायला सुती दुपट्टा पुरे. डोळे झाका, चोच मोकळी ठेवा, एक पाय बाहेर काढा. छाती दाबू नका. छातीचं हाड हललं तरच पक्ष्याला श्वास घेता येतो, नुसत्या पकडीनेही जीव जातो. एकट्याने होत नाही, एकाने धरायचं अन् दुसऱ्याने कापायचं. उजेड दिवसाचाच बरा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ओढण्याने. दोरा बोटाबोटांतून आठाच्या आकड्यासारखा फिरलेला असतो. एक टोक खेचलं की दुसरीकडचा फास आवळतो. म्हणून प्रत्येक वेढा वेगळा कापा, तुकडे सुटे करून उचला. शेवटी मागच्या बोटाच्या बुडाशी परत बघा, एखादा धागा तिथं हमखास राहतो.

रक्त आलं तर स्वच्छ कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. काळं, वाळलेलं बोट कापू नका. दोरा हाडापर्यंत गेला असेल किंवा अख्खा पंजा सुजला असेल तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. किरकोळ इजा असेल अन् पारवा दाणापाणी घेत असेल, तर जिथं पकडला तिथंच सोडा, त्याचा थवा अन् जोडीदार तिथंच असतो.

रिपरचा मोठा दोष म्हणजे गंज. काम झालं की स्पिरिटने पुसून कोरडं ठेवा. धार गेली की घासत बसू नका, नवीन आणा. वाळल्या विष्ठेच्या धुळीपासून मास्क अन् नंतर साबणाने हात, एवढं पाळाच.

यार्डातल्या हमालांना सांगून पोत्यांचे दोरे एका डब्यात जमा करवता आले, तर रिपर काढायची वेळच कमी येते.