ग्रानादाच्या जुन्या घरात तीन रात्री

अल्बायसिन ही स्पेनमधील ग्रानादा शहरातील मूरकालीन, म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम राजवटीतील, वस्ती १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तेथील सोळाव्या शतकातील एका घराचे आता लहानसे हॉटेल झाले असून, आम्ही उभयतांनी मे महिन्यात तेथे तीन रात्री मुक्काम केला. आत पाऊल टाकताच पुण्याच्या वाड्यातील चौक आठवावा अशी रचना दिसते : मधोमध छोटे कारंजे, भोवती लाकडी खांबांवरचे सज्जे, आणि बाहेर उन्हाचा तडाखा असतानाही पायाखाली फरशीचा गारवा. आमच्या खोलीतील तुळयांवर रंगीत नक्षीचे पुसट अवशेष होते. डागडुजी करताना ते नव्याने रंगवण्याचा मोह कोणाला झाला नाही, हे मला सर्वांत भावले.

गैरसोयीही सांगायला हव्यात. गल्ली अरुंद असल्याने टॅक्सी चढाच्या पायथ्याशीच थांबली आणि गोट्यांच्या फरसबंदीवर आमच्या एका बॅगेचे चाक निखळले. लिफ्ट नसल्याचे आरक्षणाच्या वेळी कोणी कळवले नव्हते. शाकाहारी न्याहारी म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, ऑलिव्हचे तेल व संत्र्याचा रस. माझे त्यावर भागले, पत्नीला मात्र तिसऱ्या दिवशी उपमा आठवला. तरीही संध्याकाळी गच्चीवरून अल्हाम्ब्रा या मूरकालीन किल्लेवजा राजवाड्याच्या भिंती तांबूस होताना पाहिल्या आणि खोलीचे चढे भाडे खटकेनासे झाले. अल्हाम्ब्रातील नासरी राजघराण्याच्या महालांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे हॉटेलवर विसंबून न राहता ते घरूनच काढून जावे.