हवेवर चालणारा गन वॉशर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे रोज पीयू (पॉलियुरेथेन) आणि इपॉक्सी रंग स्प्रे करायचं काम असतं. आधी स्प्रे गन उघड्या डब्यात थिनर ओतून ब्रशने धुतली जायची. आता काही महिने बंद झाकणाचा गन वॉशर, म्हणजे गन धुणारं मशीन, वापरतोय. मत आधीच सांगतो: मशीन मला आवडलं, पण शेवटचा हात आपलाच फिरवावा लागतो. तो टाळता येईल म्हणून कुणी घेणार असेल तर घेऊ नका.

वापरायला सोपं आहे. कप रिकामा करायचा, एअर कॅप (गनच्या तोंडावरची हवेची टोपी) काढायची, गन आत अडकवून ट्रिगर क्लिपने दाबून ठेवायचा, झाकण लावून व्हॉल्व्ह उघडायचा. पंप काँप्रेसरच्या हवेवर चालतो, विजेची मोटर नाही. थिनरच्या वाफेत ठिणगी नको, त्यामुळे मला ही रचना योग्य वाटते. अर्थिंगची वायर मात्र जोडाच. वाहत्या थिनरमुळेही स्थिर वीज साचते.

सगळ्यात मोठा फायदा थिनरचा. खाली दोन डबे असतात. पहिली धुलाई जुन्या थिनरने होते, ताजा फक्त शेवटी फिरवायचा. जुना रात्रभर स्थिर राहिला की रंग तळाशी बसतो आणि वरचा थिनर पुन्हा चालतो. आमची थिनरची खरेदी बरीच उतरली, शेडमधला वासही कमी झाला. तळाचा गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर पंपाची गाळणी तुंबते. हा गाळ घातक कचऱ्यातच द्यायचा, गटारात नाही.

आता उणं. एअर कॅपच्या शिंगांतली बारीक भोकं आणि निडल (रंगाची वाट उघडणारी-मिटणारी सुई) बसते ती जागा मशीनमधून पूर्ण साफ होत नाही. तिथे नायलॉनचा बारीक ब्रश किंवा लाकडी काडीच हवी. तार घालू नका. भोकाला ओरखडा पडला की स्प्रेचा पट्टा एका बाजूला झुकतो आणि मग कितीही धुतलं तरी सरळ होत नाही. दुसरं म्हणजे, थिनर निडलभोवतीच्या पॅकिंगचं (सीलचं) ग्रीसही धुऊन नेतो. प्रत्येक धुलाईनंतर निडलच्या पॅकिंगवर आणि ट्रिगरच्या पिनवर थेंबभर गन ल्युब लागतंच, तेही सिलिकॉन नसलेलं. सिलिकॉनचा अंश पुढच्या कोटात गेला तर पृष्ठभागावर खड्डे उठतात.

टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या रंगात वेळच सगळं ठरवते. हार्डनर पक्का झाला की कुठलाही थिनर तो विरघळवत नाही, फार तर फुगवतो. म्हणून शेवटचा स्ट्रोक मारला की गन थेट मशीनमध्ये, चहा नंतर.

थिनर कोणता घालता तेही पाहा. मिथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त द्रावकं नकोतच. अ‍ॅल्युमिनियमशी त्यांची अभिक्रिया होते आणि दाबाखालच्या भागात स्फोटापर्यंत जाऊ शकते. हातमोज्यांचंही तसंच: एसीटोन असलेला थिनर पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार जातो. मी ब्यूटिल रबरचे वापरतो.

पाण्यातल्या रंगांसाठी हे मशीन वापरू नका. पाण्यातला रंग आणि थिनर मिसळले की गुठळ्या होतात, त्यासाठी वेगळं युनिट हवं. एअरलेसची (हवेशिवाय, पंपाच्या दाबाने रंग फवारणारी) गनही यात धुवायची नाही. तिथे पंप, होज आणि गन एकत्रच फ्लश करावी लागते, आणि टिपला (गनच्या नोझलला) हात लावण्याआधी पंप बंद करून दाब पूर्ण सोडावा लागतो. २०० बारच्या आसपासच्या दाबाने रंग कातडीच्या आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि रंगाच्या डब्यावरची माहिती सोबत न्यायची.