शाळेत येणारे आरबीएसके पथक: सेवा कशी आहे आणि नव्या वर्गशिक्षकाने काय करावे

जूनमध्ये शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती वर्गाच्या हजेरीपाठोपाठ बहुतेक वेळा 'आरोग्य'ही येते. पथक कधी येणार, मुलांना कुठे बसवायचे, वही कोण भरणार हे सगळे त्याच्याच गळ्यात. म्हणून या सेवेचे हे परीक्षण सोलापुरातल्या अशा नव्या शिक्षकांसाठी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ साली सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. सरकारी व अनुदानित शाळेत ते वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब हे सगळे तपासले जाते. पालकाला एक रुपयाही पडत नाही. हृदयाला छिद्र निघाले तर शस्त्रक्रियासुद्धा मोफत होते. एवढ्यासाठीच ही सेवा आम्हाला मोलाची वाटते.

उणे बाजूही मोठी आहे. एका दिवसात अख्खी शाळा उरकायची म्हटल्यावर एका मुलाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. त्या दिवशी गैरहजर असलेले मूल वर्षभर सुटते. शिवाय ज्याचे जेवण तुटले आहे, जे गप्प गप्प झाले आहे, ते मूल वजनकाट्यावर कळत नाही. ते रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या शिक्षकालाच कळते.

तयारी आठ दिवस आधी करावी. यादीत जन्मतारीख पूर्ण हवी, नुसते वर्ष नको. वयाच्या मानाने वजन-उंची ठरवताना महिन्यांचाही फरक पडतो. काटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवू नये, डगमगला की आकडा बदलतो. खाली सपाट फळी घालावी. काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला रिकामी बादली ठेवून आकडा लिहावा, मग मापाने १० लिटर पाणी ओतावे. आकडा १० किलोनेच वाढला पाहिजे. उंची मोजताना चप्पल काढलेली, अंबाडा किंवा उंच बांधलेल्या वेण्या सोडलेल्या, टाचा भिंतीला टेकलेल्या. मुलींच्या तपासणीसाठी दार लागणारी वेगळी खोली हवीच, यात तडजोड नको.

सर्वात जास्त घोळ डोळ्यांच्या तपासणीत होतो. तक्ता ६ मीटरवर हवा, तोही टेपने मोजून, पावलांनी नाही. वर्गखोली अपुरी पडली तर व्हरांडा घ्यावा, पण तक्त्यावर उन्हाची तिरीप येऊ देऊ नये. डोळा तळहाताने झाकायचा, न दाबता. बोटांच्या फटीतून मुले बघतात. रांग तक्त्याकडे पाठ करून उभी करावी, नाहीतर पाचव्या मुलापर्यंत अक्षरे पाठ झालेली असतात. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुले एकाच वर्गात असतात, म्हणून पहिली-दुसरीला इंग्रजी 'E'च्या दिशा दाखवायचा तक्ताच बरा. एरवी अक्षरओळख कच्ची असलेले मूल डोळ्याने अधू ठरते.

पथक गेल्यावर मात्र खरी कसोटी लागते. पुढच्या तपासणीसाठी दवाखान्यात पाठवणारी संदर्भ चिठ्ठी दप्तरात जाते आणि तिथेच राहते. यात आईबापाची बेफिकिरी शोधू नये. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार बिड्यांवर असते. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. चिठ्ठी मराठीत आणि घर तेलुगू बोलणारे असेल तर ती कुणी वाचतही नाही. म्हणून चिठ्ठी मुलाच्या हाती न देता पालकाला शाळेत बोलावून समजावून सांगावी. काय झाले आहे, कुठे जायचे, कोणत्या वारी, बरोबर कोणते कागद न्यायचे, हे चारही सांगावे. एकाच भागातल्या चार-पाच पालकांनी मिळून एका दिवशी जावे, असे जुळवून द्यावे. वहीत चार रकाने पुरतात: नाव, तक्रार, गेल्याची तारीख, पुढे काय झाले. तिसरा रकाना पंधरा दिवसांत भरला नाही तर पुन्हा फोन. नावे परिपाठात वाचून दाखवू नयेत. चष्म्यावरून किंवा त्वचेवरच्या डागावरून पडलेले टोपणनाव दहावीपर्यंत चिकटते.

रक्तक्षयाबद्दल एक गैरसमज दिसतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (मोठ्यांना निळी, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी) ही रक्तक्षय टाळण्यासाठी असते. पथकाने रक्तक्षय लिहिला असेल तर उपचाराचा डोस वेगळा, तो डॉक्टरच देणार. आठवड्याची गोळी खिचडीनंतरच द्यावी, उपाशीपोटी मळमळते. नंतर तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते हे पालकांना आधीच सांगावे. न सांगितल्यास वस्तीत भलतीच बातमी पसरते आणि पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी तोंडात धरून खिडकीबाहेर थुंकतो.

मनाच्या आरोग्यासाठी या तपासणीवर विसंबू नये. त्यासाठी आयुष्मान भारतखालचा २०२० सालचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले जाते; ११ विषयांत भावनिक स्वास्थ्य, व्यसनमुक्ती, इंटरनेटचा सुरक्षित वापर हेही आहेत. नव्या शिक्षकाने हे काम मागून घ्यावे. तंबाखूचा तास तर आपल्याकडे जपून घ्यायला हवा, कारण समोरच्या मुलाची फी त्याच तंबाखूतून येत असते. मिश्रीने दात घासणे का वाईट ते सांगा, पण आईच्या धंद्याला नावे ठेवू नका.

आमच्या मते सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. चष्मा मोफत मिळतो, पण तो नाकावर राहतो की दप्तरात, हे दर सोमवारी हजेरी घेताना एकदा बघावे. काडी मोडली असेल तर तेव्हाच कळते.