पाळीव प्राण्याचे क्लोनिंग : एका महागड्या सेवेचे परीक्षण

गेलेल्या किंवा म्हाताऱ्या झालेल्या कुत्र्या-मांजराची जनुकीय प्रत तयार करून देणारी सेवा आज पैसे मोजू शकणाऱ्या कोणालाही घेता येते. २००४ मध्ये जेनेटिक सेव्हिंग्ज अँड क्लोन या अमेरिकी कंपनीने ‘लिटल निकी’ हे क्लोन केलेले मांजराचे पिल्लू एका ग्राहकाला ५०,००० डॉलरला विकले. ती कंपनी २००६ मध्ये बंद पडली, पण व्यवसाय टिकला. त्याच पातळीची किंमत आजही सांगितली जाते. एवढी रक्कम देऊन ग्राहकाच्या हाती काय येते आणि बिलात कशाचा उल्लेख नसतो, हे दोन्ही तपासायला हवे.

सेवेचा पहिला टप्पा पेशी जतन करण्याचा असून तुलनेने तो स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. पशुवैद्य प्राण्याच्या त्वचेचा छोटासा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत त्यातील पेशी वाढवल्या जातात आणि उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या जातात. प्राणी नुकताच मेला असेल तरीही हे शक्य असते. मात्र मृतदेह थंड ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो, कारण साध्या गोठवणीत बर्फाचे स्फटिक पेशी फोडून टाकतात. या टप्प्याविषयी माझा आक्षेप एवढाच, की हा निर्णय बहुधा ऐन दुःखाच्या घटकेला घेतला जातो आणि विक्रेत्याला ते पक्के ठाऊक असते.

खरे क्लोनिंग दुसऱ्या टप्प्यात होते. दात्या मादीच्या अंडपेशीतील केंद्रक अतिसूक्ष्म नळीने काढून टाकतात, त्या जागी जतन केलेली पेशी ठेवतात आणि विजेच्या हलक्या धक्क्याने दोन्ही एकजीव करतात. अशा रीतीने तयार झालेले भ्रूण सरोगेट मादीच्या शरीरात सोडले जाते. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली मेंढी याच पद्धतीने घडली. त्यासाठी २७७ अंडपेशी वापरल्या गेल्या, त्यांतून २९ भ्रूणे रोपणायोग्य ठरली आणि कोकरू जन्मले ते एक. त्वचेची किंवा स्तनग्रंथीची पेशी आपले ठरलेले काम सोडून पुन्हा आरंभापासून अख्खा जीव घडवू शकते, ही विज्ञानातील थक्क करणारी गोष्ट आहे. पण जनुकांवरील जुन्या रासायनिक खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नाहीत, तर भ्रूण मध्येच खुंटते किंवा गर्भपात होतो. अपयशाचे प्रमाण मोठे असते ते मुख्यतः यामुळेच.

आता ग्राहकाला काय मिळते ते पाहू. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर २२ डिसेंबर २००१ रोजी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलेल्या ‘सीसी’ या पहिल्या क्लोन मांजरीने देऊन ठेवले आहे. तिची मूळ प्रत ‘रेनबो’ ही काळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांची तिरंगी मांजर होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंग नव्हताच. मादी मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असते आणि नारिंगी रंगाचे जनुक एक्सवरच असते. ज्या पेशीपासून सीसी घडली, तिच्यातले नारिंगीवाले गुणसूत्र बंद होते आणि ते बंदच राहिले. पांढऱ्या ठिपक्यांची जागाही गर्भातील वाढीदरम्यान ठरते, ती एकट्या जनुकांच्या हाती नसते. त्यात भर म्हणजे, पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, डीएनए बहुतांशी अंडपेशी देणाऱ्या मादीकडून येतो. स्वभावाचे तर विचारूच नये. दाराशी वाट पाहण्याची सवय, फटाक्यांची भीती, विशिष्ट माणसाचा लळा या गोष्टी त्या जनावराच्या आयुष्यात घडलेल्या असतात. त्या त्वचेच्या पेशीत साठवलेल्या नसतात. क्लोन हे वेगळ्या काळात, वेगळ्या गर्भात वाढलेले जुळे भावंड असते. ज्याला हे मान्य आहे त्याची फसवणूक होत नाही, पण मग त्याने एवढी रक्कम कशासाठी मोजायची, हा प्रश्न उरतोच.

माझा खरा आक्षेप मात्र ग्राहकाला दिसत नसलेल्या जनावरांविषयी आहे. कुत्र्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो, कारण कुत्रीची अंडपेशी अपक्व अवस्थेतच बाहेर पडते आणि बीजांडनलिकेत पक्व होते. ती प्रयोगशाळेत पक्व करणे अवघड असल्याने माजावर आलेल्या कुत्रीवर शस्त्रक्रिया करून अंडपेशी काढाव्या लागतात. पहिला क्लोन कुत्रा ‘स्नपी’ २००५ मध्ये दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठात जन्मला तेव्हा १,०९५ भ्रूणे १२३ कुत्र्यांमध्ये सोडण्यात आली होती. गर्भ राहिला तिघींना, पिल्ले जन्मली दोन, आणि त्यातले एक न्यूमोनियाने २२ दिवसांत गेले. तंत्र त्यानंतर सुधारले आहे, तरी दात्या आणि सरोगेट माद्यांशिवाय ही सेवा आजही चालत नाही. एका लाडक्या कुत्र्यासाठी अनोळखी कुत्र्यांना शस्त्रक्रिया आणि गर्भारपण सोसायला लावणे, हे प्राणिप्रेमाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

क्लोन लवकर म्हातारे होतात, ही भीती मात्र सरसकट खरी मानण्याचे कारण नाही. डॉली सहा वर्षांची असताना, २००३ मध्ये, विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने गेली. डॉली ज्या पेशींपासून घडली त्याच पेशींपासून पुढे घडवलेल्या चार मेंढ्या वृद्धापकाळापर्यंत बऱ्यापैकी निरोगी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि सीसी तर अठरा वर्षे जगली. धोका आहे तो प्रामुख्याने गर्भात आणि जन्मानंतरच्या काही दिवसांत.

हेच तंत्र वेगळ्या कामीही येते. १९८८ मध्ये गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये ‘एलिझाबेथ ॲन’ ही काळ्या पायांच्या फेरेटची, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मुंगुसासारख्या दिसणाऱ्या एका दुर्मीळ प्राण्याची, मादी जन्मली. तेव्हा जिवंत असलेली ही सारी जमात सात पूर्वजांपासून वाढलेली असल्याने तिला नव्या जनुकीय वैविध्याची गरज होती, आणि तिथे ही प्रत खरोखर नवे काही आणत होती. घरातल्या कुत्र्या-मांजरासाठी मी ही सेवा कोणालाही सुचवणार नाही. तरीही जो पुढे जाणार असेल, त्याने करारावर सही करण्यापूर्वी एका पिल्लासाठी सरासरी किती माद्यांवर शस्त्रक्रिया होते, नंतर त्या माद्यांचे काय केले जाते आणि ठरल्यापेक्षा जास्त पिल्ले जन्मली तर ती कुठे जातात, याची उत्तरे कंपनीकडून लेखी मागून घ्यावीत.