‘रीमॅप केलं’ म्हणतात आणि बॅटरीची वायर काढून लावतात

सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून झाला की दुकानदाराचं पुढचं वाक्य ठरलेलं: "आता ईसीयू रीमॅप करावाच लागेल, नाहीतर इंजिन लीन चालून पिस्टन जळेल." ईसीयू म्हणजे इंजिनला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची ते ठरवणारा कॉम्प्युटर, रीमॅप म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधले आकडे बदलणं, आणि लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. घाबरलेला गाडीवाला १५-२० हजार मोजतो. गाडी दोन तास आत जाते. पुढे अशी गाडी स्कॅनरवर घेतली की दिसतं, सॉफ्टवेअर कंपनीतून निघालं तेच आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढून परत लावली, एवढंच काम झालेलं असतं.

मालकाला फरक जाणवतो हे खरंच आहे, आणि तिथेच तो अडकतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली की ईसीयूने साठवलेलं ट्रिम (पेट्रोलच्या मापात तो करत असलेली दुरुस्ती) आणि थ्रॉटलचं (हवेच्या झडपेचं) लर्निंग पुसलं जातं. थोडे दिवस पिकअप वेगळा लागतो. मग ईसीयू पुन्हा शिकतो आणि गाडी पहिल्यासारखी होते. तक्रार घेऊन गेलं की उत्तर मिळतं, "पेट्रोल खराब असेल."

मुळात ईसीयू स्वतःहून काय करतो ते समजलं तर कुणी फसवू शकत नाही. एकसारख्या वेगात गाडी चालताना तो धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत असतो. साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये वरखाली होतो, ०.४५ च्या खाली लीन, वर रिच (पेट्रोल जास्त). त्याप्रमाणे ईसीयू पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडा ठेवण्याची वेळ सतत कमी-जास्त करतो. हे शॉर्ट टर्म ट्रिम. तोच कल टिकला तर तो लाँग टर्म ट्रिममध्ये साठवतो. दोन्हींची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. सुमारे २५ टक्क्यांपर्यंत गेली तर पी०१७१ (लीन) किंवा पी०१७२ (रिच) कोड येऊन चेक लाईट लागते. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ला १ लागतं, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे नुसत्या इंधनानेही ट्रिम वर सरकतं. ते आकडे सायलेन्सरच्या माथी मारून रीमॅप विकणारेही आहेत.

नुसता मागचा सायलेन्सर बदलला असेल, तर हे ट्रिमच काम भागवतं. मूळ डब्यात बसणारा फिल्टर टाकला तरी बहुधा तेच. खरी अडचण एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बसतो त्या पाइपचा व्यास वाढवला की येते. तेवढीच हवा रुंद पाइपातून सावकाश जाते, सेन्सर ती कमी मोजतो, पेट्रोल कमी पडतं. शंकूच्या आकाराच्या कोन फिल्टरला तेल जास्त लावलं तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं आणि माप आणखी चुकतं. फुल थ्रॉटलला साधा ऑक्सिजन सेन्सर कामाचा नसतो. तिथे ईसीयू तक्त्यातले आकडे वापरतो. हेडर (इंजिनला लागून असलेले धुराचे पाइप), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोठा पाइप असे बदल केले असतील तर तो तक्ता खरोखर सुधारावा लागतो, आणि ते काम हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, लोडवर रीडिंग घेऊनच होतं. वाइडबँडशिवाय ट्यूनिंग सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

गाडी देण्याआधी ब्लूटूथचं ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी पोर्टला लागणारं) लावा आणि कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरचा नंबर) व सीव्हीएन यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सीव्हीएन म्हणजे ईसीयूतल्या फाइलची बेरीज-खूण. फाइल बदलली की सहसा तीही बदलते. काम झाल्यावर सीव्हीएन तोच, पण ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’ ० किंवा २-४ किमी दिसत असेल, तर हाती काय पडलं ते उघड आहे. काही गाड्या सीव्हीएन दाखवत नाहीत. तिथे मूळ आणि बदललेली, दोन्ही फाइल पेन ड्राइव्हवर मागा. खरं काम करणारा मूळ फाइल वाचून जपून ठेवतोच.

‘पॉवर चिप’ म्हणून विकली जाणारी दोन उपकरणंही अशीच. पहिलं ओबीडी पोर्टला लावायचं. अशा कित्येक डब्या उघडल्या की आत एलईडी, एक छोटी चिप आणि बटण दिसतं. ईसीयूशी बोलणाऱ्या ६ आणि १४ नंबरच्या पिना कुठेच जोडलेल्या नसतात. दुसरं इनटेक तापमान सेन्सरच्या वायरीत घालायचं. इपॉक्सीत बुजवलेला तो रेझिस्टर काही रुपयांचा असतो. तो ईसीयूला हवा थंड असल्याचं खोटंच सांगतो, पेट्रोल थोडं वाढतं, आणि साध्या वेगात ऑक्सिजन सेन्सर ते वाढलेलं पेट्रोल परत कापतो. फुल थ्रॉटलला मात्र कापणारं कुणी नसतं. शिवाय गरम हवेत ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं ते ईसीयू घेत नाही, आणि उन्हाळ्यात घाटात इंजिन नॉक करू शकतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके येऊ शकतात.

सायलेन्सर बसवल्यावर अॅव्हरेज पडलं आणि स्पार्क प्लग काळे निघाले तर आधी जॉइंटमधलं गॅस्केट बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जॉइंट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन सांगतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल ओततो. थंड इंजिन चालू करून जॉइंटवर साबणाचं पाणी टाका, फुगे दिसतील. काही शेकड्यांच्या या गॅस्केटऐवजी रीमॅप गळ्यात मारलेल्या गाड्याही असतात.

पैसे गेले असतील तर बिलावर ‘ईसीयू रीमॅप’ असं लिहून घेतलेलं आहे का ते बघा, कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्क्रीनशॉट जोडा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते. बिलावर नुसतं ‘सर्व्हिस चार्ज’ असेल तर दुकानदाराशी व्हॉट्सअॅपवर झालेलं बोलणं पुसू नका.