रेडिओलॉजी सेंटरचा अनुभव: गाठ नव्हतीच ती

माझ्या मुलीला जन्मापासून डावी किडनी नाही. पाळी सुरू झाली तशी ती दर महिन्याला कळवळायची. पाळी वेळेवर येत होती, म्हणून कुणी फार मनावर घेईना. आधी जिथे सोनोग्राफी केली, तिथे ‘ओटीपोटात गाठ’ एवढंच लिहून रिपोर्ट हातात ठेवला.

इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मात्र आधी किडनीबद्दलच विचारलं. गर्भात मूत्रसंस्था आणि गर्भाशय शेजारीशेजारी घडतात, त्यामुळे एका बाजूची किडनी नसेल तर त्या बाजूचा जननमार्गही नीट पाहायलाच हवा, असं त्यांनी समजावलं. एमआरआयमध्ये दोन गर्भाशयं दिसली, आणि डाव्या बाजूचा योनीमार्ग पडद्याने बंद. रक्त तिथेच साचत होतं. उजवी बाजू मोकळी, म्हणून पाळी येत राहिली! डॉक्टर याला ‘ओहविरा’ म्हणतात.

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात आणि आतून तपासणीही करावी लागली नाही. वयात येणाऱ्या मुलीसाठी हे फार मोलाचं. मशीनचा आवाज मोठा असतो, पण कानात बोळे दिले आणि मला आत तिच्याजवळ बसू दिलं. पडदा नेमका कुठे आहे आणि रक्त किती साचलंय, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट होतं. सर्जनना शस्त्रक्रिया ठरवताना तेच हवं होतं.

थांबावं बरंच लागतं. जुने रिपोर्ट मात्र सगळे न्या, इथे ते खरंच वाचतात.