तक्त्यात ३५ टीबी, प्रत्यक्षात नऊ

आमच्या नागरी सहकारी बँकेने २०२१ साली डेटा सेंटर नव्याने उभारलं, त्यासाठी कन्व्हर्ज्ड सिस्टिम घेतली आणि पाऊण कोटीच्या त्या व्यवहारात एका सिस्टिम इंटिग्रेटरने, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रणा आणून जोडून देणाऱ्या विक्रेत्याने, आम्हाला फसवलं. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. पण फसवलं कसं ते सविस्तर लिहितो. पतसंस्था, छोट्या बँका, साखर कारखाने यांच्या संचालक मंडळांपुढे तसलीच प्रेझेंटेशन्स आजही होताहेत आणि तिथला प्रत्येक रुपया सभासदाचा, ठेवीदाराचा आहे.

कन्व्हर्ज्ड म्हणजे सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क स्विच आणि व्हर्च्युअलायझेशन (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच एकमेकांशी जुळवून, तपासून घेतलेला संच. यात दोन जुन्या वाटा आहेत आणि त्यांतला फरक इंटिग्रेटर आपणहून सांगत नाही. सिस्को आणि ईएमसी यांनी २००९ मध्ये व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर आणि इंटेल यांच्या साथीने जी कंपनी काढली, तिचं व्हीब्लॉक कारखान्यातच जोडून, तपासून, रॅकसकट यायचं. पुढे ते डेलकडे गेलं. सिस्को आणि नेटॲपचं २०१० मधलं फ्लेक्सपॉड मात्र मुळात आराखडा आहे. कोणता सर्व्हर, कोणता स्विच, कोणतं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) हे सगळं प्रसिद्ध केलेल्या डिझाइनमध्ये लिहिलेलं असतं आणि जोडणी स्थानिक भागीदार करतो. आराखडा उत्तम आहे, त्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. पण जोडणारा माणूस बदमाश असला, तर ‘फ्लेक्सपॉड’ हे नाव लावून तो काहीही आणून उभं करू शकतो. आमच्याकडे तेच झालं.

समितीपुढे दोन पर्याय होते, एक फ्लेक्सपॉड आणि दुसरा डेलचं हायपरकन्व्हर्ज्ड व्हीएक्सरेल, ज्यात वेगळं स्टोरेज नसतं, सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र करून वापरतात. इंटिग्रेटर दोन्ही विकत होता. “साहेब, तुलनात्मक तक्ता आम्हीच करून आणलाय, तुमचा वेळ वाचेल,” असं म्हणत त्याने रंगीत एक्सेल शीट पडद्यावर लावलं. क्षमतेच्या रकान्यात फ्लेक्सपॉडपुढे ३५ टीबी (टेराबाइट) होते आणि व्हीएक्सरेलपुढे १६. दर टीबीमागची किंमत काढली, तर दुसऱ्या पर्यायाकडे कोणी बघणारही नाही.

आता ते आकडे उलगडून बघा. व्हीएक्सरेलचे चार नोड (सर्व्हर), प्रत्येकात १.९२ टीबीच्या सहा डिस्क, म्हणजे रॉ, काहीही वजा न केलेली क्षमता ४६ टीबी. प्रत्येक ब्लॉकची दुसरी प्रत ठेवायची म्हणून निम्मे, २३. यंत्रणेला हालचालीसाठी तीस टक्के जागा मोकळी ठेवली की राहिले १६. हा हिशेब अगदी प्रामाणिक होता. फ्लेक्सपॉडकडे ९६० जीबीच्या बारा एसएसडी. त्यांतली एक स्पेअर, दोन पॅरिटीच्या, म्हणजे डिस्क बिघडली तर डेटा परत उभा करण्यासाठी. उरलेल्या नऊ डिस्कमधून फाइल सिस्टिमची राखीव जागा वजा केली की हाती सात टीबी येतात. या सातला त्याने डीड्युप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणं) आणि कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) यांच्या नावाने पाचने गुणलं. एका रकान्यात वजावट करून उरलेली खरी जागा, शेजारच्या रकान्यात कल्पनेने फुगवलेली, आणि वर दोन्हींना एकच मथळा, ‘क्षमता’. सारख्याच दिसणाऱ्या शंभर व्हर्च्युअल डेस्कटॉपवर पाचपट बचत होऊही शकते. पण आमच्या डेटात होतं काय? केवायसीचे स्कॅन, सह्यांचे नमुने, चेकच्या प्रतिमा, कर्जाच्या फायलींच्या पीडीएफ. हे सगळं आधीच कॉम्प्रेस झालेलं असतं, ते आणखी दाबलं जात नाही. कोअर बँकिंगचा डेटाबेस एन्क्रिप्टेड, आणि त्यात तर स्टोरेजला एकासारखा दुसरा तुकडा सापडतच नाही. मायग्रेशन झाल्यावर प्रत्यक्ष गुणोत्तर निघालं १.३. म्हणजे ३५ टीबी सांगून नऊ टीबी दिले. हे त्याला ठाऊक होतं असं मी ठामपणे म्हणतो, कारण आमच्या डेटाचं सर्वेक्षण त्याच्याच इंजिनिअरने केलं होतं आणि त्या अहवालात स्कॅन प्रतिमांचं प्रमाण लिहिलेलं होतं.

जागा संपत आली तेव्हा त्याने अगदी शांतपणे वाढीव डिस्क शेल्फचं कोटेशन पाठवलं.

तोवर हा प्रकार गोडबोल्या विक्रेत्याचा वाटत होता. मग एका सर्व्हर चासिसचा पॉवर सप्लाय गेला. मूळ कंपनीच्या सपोर्टला केस टाकली. उत्तर आलं, की हा सिरियल नंबर तुमच्या बँकेच्या नावावर नाही आणि यावरच्या सपोर्ट कराराची मुदत कधीच संपली आहे. आमच्या फाइलमध्ये पाच वर्षांच्या चोवीस तास सपोर्टचं प्रमाणपत्र होतं. ते होतं इंटिग्रेटरच्या लेटरहेडवर. सपोर्टचे पैसे त्याने आमच्याकडून पूर्ण घेतले आणि मूळ कंपनीकडे एक रुपयाही भरला नाही. मग आम्ही एकेक सिरियल नंबर तपासला. स्विच आणि सर्व्हर आधी दुसऱ्याच कुणाकडे वापरलेले होते. एसएसडींचे चालू तास वाचले तर एका डिस्कवर एकवीस हजार तास, म्हणजे जवळपास अडीच वर्षं. आमच्याकडे येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. फर्मवेअरच्या आवृत्त्याही कंपन्यांच्या सुसंगततेच्या यादीत एकत्र बसत नव्हत्या, त्यामुळे सपोर्ट असता तरी पहिली सूचना अपग्रेडचीच आली असती.

आमचा माल जुना निघाला. काही ठिकाणी तो नकलीही निघतो. अमेरिकेत ओनूर अक्सॉय नावाच्या माणसाने चीन आणि हाँगकाँगमधून बनावट सिस्को उपकरणं आणून विकली. ती शाळा, रुग्णालयं आणि थेट अमेरिकी सैन्यापर्यंत पोचली होती. मे २०२४ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे हे घडतं, तर तालुक्याच्या बँकेत खोक्यावरचा होलोग्राम बघून कोण काय ओळखणार?

सध्या आणखी एक आमिष फिरतंय. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता प्रोसेसरच्या कोअरच्या हिशेबाने सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. तरीही ‘जुनं पर्पेच्युअल लायसन्स स्वस्तात देतो’ असं सांगणारे भेटतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला अशी ऑफर आलेली मी स्वतः वाचली आहे. कोटेशनमध्ये ती ओळ दिसली की बोलणी तिथेच थांबवा.

आमचं पुढे काय झालं तेही सांगतो. वकिलांची नोटीस गेली, आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार झाली. इंटिग्रेटरने आधी “डिस्ट्रिब्युटरकडून चूक झाली” म्हटलं, मग फोन उचलणंच बंद केलं. परत आलं ते फक्त दहा टक्के, करारातल्या बँक गॅरंटीमुळे. ती अट आमच्या जुन्या लेखापालांनी हट्टाने घातली होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कुठलीही संस्था अशी खरेदी करणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. तुलनेचा तक्ता संस्थेने स्वतः करावा आणि त्यात रॉ (डिस्कची एकूण), युजेबल (वजावटीनंतर उरलेली) आणि इफेक्टिव्ह (डीड्युप्लिकेशन-कॉम्प्रेशन धरून सांगितलेली) असे क्षमतेचे तीन वेगळे रकाने ठेवावेत. इफेक्टिव्हचा आकडा हवाच असेल, तर तो स्टोरेज बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी हमीसह, आपल्या डेटाचा प्रकार नमूद करून मागावा. बऱ्याच हमीपत्रांत प्रतिमा आणि एन्क्रिप्टेड डेटा वगळलेला असतो, ते कलम वाचून घ्यावं. मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र निविदेसोबतच घ्यावं. माल उतरला की रॅकमध्ये चढवण्याआधी प्रत्येक सिरियल नंबर कंपनीकडून लेखी पडताळून घ्यावा, आणि सपोर्ट करार आपल्या संस्थेच्या नावावर दिसतो का ते आपल्याच लॉगिनमधून बघावं. इंटिग्रेटरने दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

आमच्या नव्या निविदेत या सगळ्या अटी आहेत. पहिल्या बैठकीत एका विक्रेत्याने सिरियल नंबरची अट शिथिल करा म्हणून आग्रह धरला. खरेदी समितीने त्याचा लिफाफा न उघडता परत केला.